नाव नसलेली बटणं

गौरीशंकर माळगे यांचा चेहरा गावात थोड्याच लोकांनी नीट पाहिला असेल, पण त्यांचा आवाज घरोघरी माहीत होता. नगरपरिषदेला फोन लावला की पलीकडून भरदार, जरा सावकाश आवाज यायचा, "नमस्कार, नगरपरिषद. बोला." जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनच्या बोर्डापुढं ते बसायचे. लहानपणी गोवर उलटला आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. सोलापूरला अंधशाळेत शिकले, पुढं ऑपरेटरचा कोर्स केला आणि भरती निघाली तेव्हा आपल्याच गावच्या नगरपरिषदेत लागले. कर्नाटकाची हद्द इथून जवळ. घरात कानडी आणि दारात मराठी बोलतच ते वाढले होते. फोन करणारा कुठल्या भाषेत रागावलाय हे नुसत्या श्वासावरून कळायचं त्यांना. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन बरोबर टेबलावर गेलेला असायचा. ऑफिसात सगळे त्यांना आप्पा म्हणत.

आप्पांना आपल्या आवाजाचा अभिमान होता, जरा जास्तच होता. घसा बसला की ते रजा टाकायचे. बसलेल्या घशानं नगरपरिषदेचं नाव घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. रस्ता ओलांडताना कुणी न विचारता दंड धरला तर झटकून टाकायचे. गार चहा आणला म्हणून शिपायाला झापायचे. पण काम असं चोख की कुणी मनावर घेत नसे.

मग मोबाइल आले. साहेबांचे नंबर लोकांच्या खिशात गेले. बोर्डावरचे फोन कमी कमी होत गेले आणि एका वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा बोर्ड जळाला. तो दुरुस्त करावा असं कुणाला वाटलं नाही. आप्पा रोज वेळेवर यायचे, हजेरी लावायचे आणि जळक्या बोर्डापुढं बसून राहायचे.

"आप्पा, तुम्ही बसा निवांत. पगार तर चालू हाय न्हवं?" असं सगळे मायेनं म्हणायचे.

त्या मायेचाच त्यांना राग यायचा. घरी गेल्यावर बायको शिवगंगा विचारायची, "आज काय काम झालं?" ते म्हणायचे, "खुर्ची धरून बसलो. ती पळून गेली न्हाय." सुरुवातीला दोघं हसायचे. पुढं पुढं तिनं विचारणं सोडून दिलं.

लहान शहरांसाठीच्या एका स्मार्ट योजनेत गावाचं नाव लागलं तेव्हा ऑफिसात नवे संगणक आले. रस्त्यांवर एलईडी दिवे लागले, प्रत्येक खांबाला नंबराची पिवळी पाटी ठोकली गेली आणि दिव्यांच्या पेट्या ऑफिसातूनच चालू-बंद करता येऊ लागल्या. पाणी, गटार, दिवे, कचरा, सगळ्या तक्रारी एकाच पोर्टलवर येणार होत्या. गावात कौतुक झालं, पण ऑफिसात जो तो नव्या यंत्रापासून लांब बसू लागला. पन्नाशीतल्या कारकुनांनी संगणकावर आजवर पत्ते सोडून काही खेळलं नव्हतं. विद्युत विभागाचा बजरंग वायरमनचा कारकून झालेला. विजेच्या खांबावर तो खारीसारखा चढायचा, पण माउस हातात घेतला की त्याला घाम फुटायचा.

शिकवायला हर्षाली होती. अणदूरची मुलगी, कंत्राटावर लागलेली, रोज एसटीनं येऊन-जाऊन करायची. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तिनं वर्ग भरवला. आप्पांना कुणी बोलावलं नव्हतं. काठी टेकत, पायऱ्या चढत ते स्वतःच आले.

दारातच कुणीतरी म्हणालं, "आप्पा, हे बघायचं काम हाय हो."

"असू दे. मी ऐकतो," ते म्हणाले आणि मागच्या खुर्चीवर बसले.

हर्षाली भरभर शिकवत होती. "आता इथं क्लिक करा. मग हे उघडेल. मग इथं लिहा, आणि इकडं सेव्ह करा." हॉलमध्ये नुसती टकटक चाललेली. थोड्या वेळानं मागून आवाज आला.

"म्याडम, एक इचारू? तुमी इथं म्हणताय. इथं म्हंजी कुठं?"

काही जण हसले. हर्षालीला आधी वाटलं, हे टोमणा मारताहेत. मग तिनं त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. ती बजरंगच्या मागं जाऊन उभी राहिली. बजरंग भलत्याच पानावर होता. त्याच्या शेजारचा तर अजून पहिल्याच पानावर, नुसता माउस हलवून काम केल्यासारखं दाखवत होता.

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. आता ती 'इथं' म्हणत नव्हती. "डावीकडं सगळ्यात वर 'नवीन तक्रार' आहे, ते दाबा. आता पानावर चार रकाने आले. पहिला नावाचा." तिचा वेग निम्म्यावर आला आणि संध्याकाळपर्यंत बजरंगनं एक खोटी तक्रार नोंदवून, ती स्वतःच्याच टेबलावर पाठवून, स्वतःच सोडवली. अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

वर्ग सुटल्यावर हर्षाली आप्पांपाशी आली. "आप्पा, तुम्हाला खरंच शिकायचंय?"

आप्पांनी खिशातून मोबाइल काढला. बोट काचेवरून फिरवलं तसा मोबाइल बोलायला लागला, इतक्या वेगानं की हर्षालीला एक शब्द कळेना.

"हे काय चाललंय?"

"बातम्या वाचतोय. गेली कित्येक वर्षं वाचतोय. तुमी डोळ्यानं वाचता, मी कानानं. हळू ठेवलं तर मला झोप येती."

हर्षालीनं तो मोबाइल हातात घेऊन उलटसुलट पाहिला. एवढे महिने या माणसाला सगळ्यांनी जळक्या बोर्डापुढं बसवून ठेवलं होतं, आणि तिच्या वर्गातल्या निम्म्या लोकांपेक्षा तो यंत्र सराईतपणे वापरत होता. दुसऱ्याच दिवशी तिनं एका संगणकावर पडदा वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाकलं, हेडफोन लावून दिला आणि तक्रारींचं पोर्टल उघडलं.

आप्पांनी कळ दाबली. मग पुन्हा दाबली. पुन्हा दाबली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतंय?" हर्षालीनं विचारलं.

त्यांनी हेडफोन काढून आवाज मोठा केला. संगणक बोलत होता, "बटण. बटण. बटण. चित्र. बटण."

पोर्टल बनवणाऱ्यानं प्रत्येक बटणावर सुबक चित्र काढलं होतं. नळाचं, दिव्याचं, झाडूचं. पण चित्राच्या मागं नाव लिहिलंच नव्हतं. डोळसाला नळ दिसत होता, आप्पांना नुसतं बटण ऐकू येत होतं.

"कुणी बनवलंय हे?" आप्पांनी विचारलं.

"पुण्याची कंपनी आहे. पण आप्पा, तिथं मेल पाठवला तर उत्तर यायला..."

"मेल कशाला? फोन नंबर दे."

पुढचा अर्धा तास हर्षाली नुसती ऐकत बसली. आयुष्यभर लोकांचे फोन योग्य जागी पोचवणारा माणूस आज स्वतःचा फोन पोचवत होता. कंपनीतल्या मुलीनं तक्रारीचा तिकीट नंबर घ्यायला सांगितला. आप्पांनी तिचं नाव विचारून घेतलं, तिच्या घशाची चौकशी केली, खडीसाखर चघळायला सांगितली आणि तिच्याकडूनच वरच्या साहेबांचा एक्स्टेन्शन नंबर काढला. वरचे साहेब मीटिंगमध्ये होते. त्यांच्या मदतनिसाकडून हे पान ज्यानं लिहिलं त्या प्रोग्रामरचं नाव मिळालं. शेवटी एक तरुण आवाज आला, "हॅलो, रणधीर बोलतोय."

"नमस्कार, नगरपरिषद," आप्पा जुन्या सवयीनं म्हणाले. "कळंबकडचे का तुमी?"

"हो. म्हणजे, मूळचा. तुम्हाला कसं कळलं?"

"हॅलोवरून. पुण्यात किती बी राहा, हॅलो आपल्याकडचाच राहतो. बरं, तुमी केलेलं काम जरा ऐकवतो." त्यांनी फोन संगणकाच्या स्पीकरपाशी धरला आणि कळ दाबत गेले. बटण. बटण. बटण. चित्र. बटण.

"हे काय आहे?" रणधीरनं विचारलं.

"हे तुमचं पान. मला एवढंच ऐकू येतं."

रणधीर आधी म्हणाला की असं काही करारात नव्हतं, हे काम वेगळं धरावं लागेल. आप्पांनी वाद घातला नाही. ते नुसते थांबले. फोनवर कधी थांबायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. थोड्या वेळानं रणधीर स्वतःच म्हणाला, "एवढंच ऐकू येतं? सगळ्या पानांवर?"

"सगळ्या."

"मला पुन्हा ऐकवा. सावकाश. कुठलं बटण कितव्या नंबरला येतं ते लिहून घेतो."

त्या दोघांची मग सवयच झाली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत रणधीरचा फोन यायचा. एक पान तो दुरुस्त करायचा, आप्पा ते चालवून बघायचे. "नळाला नाव आलं. झाडूचं राहिलं," ते सांगायचे. एकदा रणधीरनं एका बटणाला 'सबमिट' असं नाव दिलं तेव्हा आप्पा म्हणाले, "असलं नाव देऊन आमच्या बजरंगला कळल का? 'तक्रार पाठवा' म्हणा की." रणधीरनं तसं लिहिलं, आणि डोळसांच्या पडद्यावरही चित्राखाली तेच शब्द उमटले. बजरंगला ते इतकं आवडलं की त्यानं आणखी चार बटणांची नावं सुचवली, आणि त्यातली दोन मान्य झाली.

मुख्याधिकारी मॅडम नव्या होत्या, तरुण होत्या, आणि दिलेला शब्द पुरा करता येईल की नाही याची धास्ती असलेल्या होत्या. हर्षालीनं आप्पांना फोनवरच्या तक्रारी पोर्टलवर चढवणाऱ्या नव्या तक्रार कक्षात बसवायचं सुचवलं तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "माळगे, जमेल का? न जमण्यात कमीपणा नाही. पण लोकांची तक्रार हरवली तर उत्तर मला द्यावं लागतं."

"एक महिना बघा, मॅडम. न्हाय जमलं तर जिन्याखाली माझी खुर्ची हायच."

पहिला दिवस वाईट गेला. ब्रेल त्यांच्या बोटांत मुरलेली होती, पण मराठी टायपिंग नवं होतं. एका कानात फोनवरचा माणूस, दुसऱ्या कानात संगणक, आणि बोटं अक्षरं शोधताहेत. 'गटार' लिहिताना 'गिटार' झालं. दुपारी एका माणसानं अख्ख्या गल्लीचं रडगाणं सांगितलं, आप्पांनी ते सगळं टिपलं, आणि पाठवायच्या वेळी पोर्टल आपोआप बंद झालं. सगळं गेलं. पुन्हा विचारलं तर तो माणूस तडकला, "आंधळा हायेस का रे?" त्याला काही माहीत नव्हतं, सवयीनं बोलून गेला. आप्पांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि हर्षालीला न सांगता घरी निघून गेले.

शिवगंगा भाकरी थापत होती. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की उद्या अर्ज देऊन नोकरी सोडतो. तिनं ताटं वाढली. जेवणं झाली. मग तिनं आपला मोबाइल घेतला, स्वयंपाकघरात गेली आणि तिथून त्यांना फोन लावला.

"कोण?" आप्पांनी चिडून विचारलं.

"हॅलो, नगरपरिषद का? आमच्या दारात चार दिस झाले गटार तुंबलंय. तुमचा इन्स्पेक्टर झोपलाय का मेलाय?"

"शिवगंगा, चेष्टा पुरे."

"शिवगंगा कोण? म्या तक्रार सांगायलीय, लिहून घ्या. गटार लिवा. गिटार न्हाय."

त्यांना हसू आवरेना. हर्षालीनं सरावासाठी दिलेला जुना लॅपटॉप त्यांनी पुढं ओढला. त्या रात्री शिवगंगा सहा-सात बायकांच्या आवाजात भांडली. कधी कानडीत, कधी मराठीत, कधी रडत, कधी शिव्या देत. कुणाच्या दारातला दिवा गेला होता, कुणाच्या नळाला गढूळ पाणी येत होतं, एकीची तर म्हैसच गटारात पडली होती. रोज जेवणानंतर हा खेळ चालू झाला. शेजारच्या बायकांना कळलं तेव्हा त्याही फोन करायला लागल्या, आणि त्यातल्या दोघी-तिघींच्या तक्रारी खऱ्याच निघाल्या.

पोर्टल आपोआप बंद होणं रणधीरनं थांबवलं. अक्षरं बोटांना सापडत गेली. महिना संपला तेव्हा आप्पा समोरच्याशी बोलता बोलता तक्रार लिहायचे. समोरच्याला कळायचंही नाही की हा माणूस लिहितोय. आणि एक गोष्ट हर्षालीच्या लक्षात आली. पूर्वी पोर्टलवर बाजारपेठेतल्या, शिकलेल्या घरांतल्या तक्रारी यायच्या. आता हद्दवाढीतल्या वस्त्यांतून यायला लागल्या, जिथं म्हाताऱ्या माणसांना मराठी धड येत नव्हती आणि लिहिता मुळीच येत नव्हतं. पाण्याच्या टाकीवर रंगवलेला तक्रार कक्षाचा नंबर नातवाकडून लावून घ्यायचा आणि आपल्या भाषेत बोलायचं, एवढं पुरत होतं. आप्पांच्या टेबलावरून त्या तक्रारी पोर्टलच्या नकाशावर जाऊन बसायच्या आणि त्या त्या विभागाला पोचायच्या. मॅडम आता रोज सकाळी आधी हर्षालीच्या खांद्यावरून तो नकाशा बघायच्या, मग केबिनमध्ये जायच्या.

एप्रिलमधल्या एका दिवशी दुपारी जोराची वावटळ आली होती. पत्रे उडाले, फांद्या पडल्या, तक्रार कक्ष दिवसभर खणखणत होता. दिवेलागणीची वेळ झाली, ऑफिस सुटत आलं होतं. बजरंग टिफिनची पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता. तेवढ्यात फोन वाजला.

एक म्हातारी कानडीतून ओरडत होती. आप्पांनी आवाज खाली आणला. "अव्वा, हेळ्री. सांगा, सावकाश. नाव काय तुमचं?"

इरम्मा. हद्दवाढीतल्या वस्तीत राहणारी. तिनं धापा टाकत सांगितलं ते असं: दुपारच्या वाऱ्यात खांबावरची एक तार तुटून सार्वजनिक नळापाशी साचलेल्या पाण्यात पडली होती. दुपारभर ती गपगार होती, कुणी लक्ष दिलं नाही. आत्ता रस्त्यावरचे दिवे लागले आणि पाण्यात ठिणग्या उडायला लागल्या. बिरू धनगराचं शेरडू पाण्यात गेलं आणि तिथंच आडवं झालं. बिरू ते उचलायला धावत होता, तिनं त्याचं धोतर धरून त्याला मागं खेचलं होतं. नळावर पाण्याला आलेल्या बायका जमल्या होत्या.

"मुट्टब्याड्री!" आप्पांचा आवाज सबंध ऑफिसात घुमला. "कुणी हात लावायचा न्हाय! अव्वा, माझं हेच सगळ्यांना वरडून सांगा. सगळे मागं. कोरड्या जागी."

हर्षाली धावत आली. बजरंगनं पिशवी टाकली आणि आपल्या संगणकाकडं पळाला. "आप्पा, खांब कुठला? पेटी कळल्याशिवाय बंद करता येत न्हाय! तिकडं लई पेट्या हायेत, एकेक बंद करायला येळ जातो!"

हर्षाली विजेच्या उपकेंद्राला फोन लावत होती. तिकडं तो लागेना. वावटळीनं सगळ्या तालुक्यातूनच फोन येत असावेत.

"अव्वा," आप्पा म्हणाले, "तार पडलेल्या खांबाजवळ जायचं न्हाय. तुमी उभ्या हाय तिथंच, ह्या बाजूचा खांब बघा. पिवळी पाटी दिसती का? तिच्यावर आकडे हायेत."

"मला वाचता येत न्हाय, बाळा," इरम्मा रडवेली झाली.

"बिरूला येतं?"

"त्याला बी न्हाय. हितं कुणालाच न्हाय."

अंधशाळेत पहिल्या वर्षी लाकडात कोरलेले आकडे आप्पांनी बोटांनी चाचपले होते, ते आठवले.

"वाचू नका, अव्वा. कसे दिसतात ते सांगा. शेवटून सुरू करा. शेवटचा कसा हाय?"

"खाली गोल. वर दोन शिंगं. मेंढ्यासारखा."

"चार. त्याच्या आधीचा?"

"वर गोल मुंडकं, खाली शेपूट लोंबतंय. पळीसारखा."

"एक. अन् पहिला?"

"दोन पोटं. एकावर एक. खाली शेपूट."

आप्पांची बोटं कळांवर थांबली. तीन असेल, नाही तर सहा. दोन्ही खांब हद्दवाढीच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या पेट्यांवर.

"अव्वा, नीट बघा. त्याचं तोंड उघडं कुठल्या हाताकडं हाय? जेवायच्या का दुसऱ्या?"

इरम्मा पाटी निरखू लागली. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता, बिरू कुणाला तरी 'मागं हो' म्हणून ओरडत होता. मग ती म्हणाली, "जेवायच्या हाताकडं."

"पक्कं?"

"पक्कं. घास घ्यायला तोंड उघडल्यागत."

आप्पांनी सहाशे चौदा टाइप केलं. कानातला आवाज इतक्या वेगानं धावला की शेजारी उभ्या हर्षालीला नुसती खरखर ऐकू आली. "बजरंग, पेटी अठरा!" ते ओरडले आणि 'तातडी' असं नाव असलेलं बटण दाबलं. बजरंगच्या पडद्यावर पेटी लाल झाली. त्यानं एका दमात पेटी बंद करायची आज्ञा दिली. या वेळी माउस धरताना त्याला घाम फुटला नाही.

"आज्ञा गेली," बजरंग म्हणाला. "पोचली का कळत न्हाय अजून."

"अव्वा, दिवे हायेत?"

"हायेत."

भिंतीवरचा पंखा तेवढा फिरत होता.

"अव्वा?"

"होदवु!" इरम्मा ओरडली. "गेले, गेले! सगळं अंधार झालं!"

"अंधार असू दे. तरी बी कुणी पाण्यात जायचं न्हाय. आमचा माणूस येईपर्यंत मी फोन ठेवत न्हाय, तुमी बी ठेवू नका."

बजरंग तोवर जिना उतरलाही होता. त्याच्या मोटारसायकलचा आवाज लांब गेला. तो वस्तीत पोचून, तार बाजूला करून, स्वतः इरम्माच्या फोनवर बोलेपर्यंत आप्पा तिच्याशी बोलत होते. तिचा मुलगा काय करतो, सून कुठली, औंदा तुरीला शेंगा कशा लागल्या. तिचा आवाज हळूहळू जाग्यावर आला. शेरडू गेलं होतं. माणसं सगळी धडधाकट होती.

फोन ठेवल्यावर आप्पांनी हेडफोन काढला. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. केबिनच्या दारात मॅडम केव्हापासून उभ्या होत्या, त्यांना माहीत नव्हतं. त्या जवळ आल्या. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलून ग्लास भरला आणि आप्पांच्या हाताला लावला.

"गार हाय," आप्पा म्हणाले. "बरं वाटलं."

पुढच्या आठवड्यात इरम्मा ऑफिसात आली. पदरात शेंगापोळ्या बांधून आणलेल्या. तक्रार कक्षात येऊन ती बराच वेळ आप्पांकडं बघत राहिली. मग तिनं त्यांच्या चेहऱ्यापुढं हात हलवून पाहिला.

"हात हालवायलाव का, अव्वा?" आप्पा हसत म्हणाले. "वारा लागतोय."

"तुला दिसत न्हाय?"

"न्हाय."

"मला वाचता येत न्हाय." ती खुर्चीवर बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "मग त्या दिवशी ते केलं कुणी रे?"

हर्षालीनं पोळ्या सगळ्या ऑफिसात वाटल्या. त्याच दिवशी मॅडमनी आप्पांना तक्रार कक्षाचा प्रमुख केल्याचा आदेश काढला. तो त्यांनी स्वतः वाचून दाखवला, सावकाश, एकेक शब्द. रणधीर सुट्टीला कळंबला आला तेव्हा वाट वाकडी करून भेटायला आला. त्यानं सांगितलं की आप्पांबरोबर बसून केलेली पानं आता कंपनी सगळ्याच गावांना देते. आप्पांनी त्याचा हात धरला, पंजा चाचपला आणि म्हणाले, "आवाजावरून मला तू जाड वाटला हुतास."

पावसाळ्यानंतर लोहाऱ्यात आजूबाजूच्या लहान नगरपंचायतींच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. मॅडमनी हर्षालीबरोबर आप्पांचं नाव पाठवलं. ते निघायच्या दिवशी शिवगंगेनं नवा सदरा काढून दिला आणि बसस्टँडपर्यंत सोबत आली. तिथून प्रवासी जीप मिळाली. एरवी कुणी हात धरला तर झटकणारे, त्या दिवशी उतरताना त्यांनी स्वतःहून हर्षालीचा दंड धरला.

"घाबरलाय का आप्पा?"

"फोनवर एका वेळी एकच माणूस असतो," ते म्हणाले. "हितं खोलीभर हायेत."

हॉलमध्ये कुजबुज चालली होती. कुणी खोकत होतं, कुणी खुर्ची ओढत होतं, मागच्या बाजूला कुणीतरी हळूच म्हणालं की हे काय शिकवणार. हर्षालीनं पडदा लावला, वायरी जोडल्या. आप्पा पुढं येऊन उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"नमस्कार. मी गौरीशंकर माळगे. आधी एकेकानं आपलं नाव सांगा, अन् कुठं काम करता ते. मोठ्यानं सांगा, लाजू नका."

पहिल्या रांगेपासून नावं सुरू झाली. पाणीपुरवठा, जन्म-मृत्यू नोंद, कर विभाग, सफाई. आप्पा मान किंचित तिरकी करून एकेक आवाज ऐकत होते. शेवटच्या रांगेतल्या माणसानं नाव सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मघाशी तुमीच बोलला न्हवं? या, पुढं या. पहिला संगणक तुमी चालवा. मी सांगतो."

हॉल हसला. तो माणूसही हसत उठला आणि पुढं येऊन बसला. आप्पांनी त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि शिकवायला सुरुवात केली.